सहल नको, मुक्काम हवा

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या की सर्वांना सहलीचे वेध लागतात. वर्गात सूचना फिरते, वर्गणी जमा होते, आणि एके दिवशी पहाटे चार वाजता शाळेच्या फाटकाशी एसटीची गाडी येऊन उभी राहते. शाळा अमरावती-अकोल्याकडची असेल तर शेगाव, लोणार, चिखलदरा. पैसे थोडे अधिक जमले असतील तर वेरूळ आणि अजिंठा. दोन दिवसांत पाच-सहा स्थळे उरकायची असतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचे, घाईघाईने पाहायचे, छायाचित्र काढायचे आणि मास्तरांची शिट्टी वाजली की पुन्हा गाडीत चढायचे. परत आल्यावर घरी विचारतात, "काय काय पाहिलंस?" आपण स्थळांची नावे धडाधड सांगतो. पण "काय समजलं?" असे कुणी विचारले, तर मात्र आपण जरा घुटमळतो.

सहलीला माझा विरोध नाही. गाडीतली गाणी आणि डब्यांची अदलाबदल मलाही अजून आठवते. परंतु गेली काही वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवताना माझे एक मत पक्के होत गेले आहे, आणि ते आज तुमच्यापुढे व तुमच्या शिक्षकांपुढे मांडायचे आहे. माध्यमिक शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने शाळा सोडण्यापूर्वी निदान एक पूर्ण रात्र आपल्या गावाजवळच्या रानाच्या काठी काढली पाहिजे. करमणूक म्हणून नव्हे, तर विज्ञानाचे प्रात्यक्षिक म्हणून. हे रान दूरचे नसावे, जवळचेच असावे. का, ते आता पाहू.

रान कुठे आहे?

"आमच्याकडे कुठलं आलंय रान? रान पाहायचं तर मेळघाटात जावं लागतं," असे पुष्कळजण म्हणतात. मेळघाट थोर आहे, यात शंका नाही. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प सुरू झाले, त्यांपैकी तो एक. पण अमरावतीच्या विद्यार्थ्याला रान भेटायला इतके दूर जायची गरज नाही. शहराच्या पूर्वेला वडाळीचा तलाव आहे, छत्री तलाव आहे, वनखात्याचे बांबू उद्यान आहे. आणि तिथून पुढे पोहऱ्याच्या टेकड्यांवरून मालखेडच्या दिशेने पसरलेले राखीव वन आहे. साग, धावडा, सालई, तेंदू, मोह, पळस अशी झाडे असलेले हे पानगळीचे रान शहराला अगदी खेटून आहे. धडधाकट मुलगा सायकलने तास-दीड तासात पोहऱ्याला पोहोचतो. २०११ च्या जनगणनेनुसार साडेसहा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहराच्या उंबरठ्यावर असे रान असणे हे मोठे भाग्य आहे. किती शहरांना ते लाभते?

अकोल्याच्या मुलांसाठी काटेपूर्णा आहे. काटेपूर्णा नदीवर महान येथे धरण बांधले आहे. त्याच्या जलाशयाभोवतीचे सुमारे ७४ चौरस किलोमीटर रान १९८८ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. चौशिंगा नावाचे लाजाळू हरिण या रानात आढळते. याच महानच्या धरणातून अकोला शहराला पाणी मिळते. म्हणजे अकोल्यात ज्याने नळाखाली ओंजळ धरली, त्याने काटेपूर्णेच्या रानातून वाहून आलेले पाणी प्यायले. तरीही वर्गात हात वर करायला सांगा: काटेपूर्णेचे रान कुणी कुणी पाहिले आहे? किती हात वर येतात ते तुमचे तुम्हीच मोजा.

निंबाखालची खाट

माझे हे मत कसे बनले, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी पंचवीसएक विद्यार्थी घेऊन रानाच्या कडेला एका शेतात मुक्कामाला होतो. सकाळी उठलो तर उघड्यावर ठेवलेल्या पिशव्या, चपला, सतरंज्या सगळे दवाने चिंब भिजलेले. पण दहा-बारा पावलांवर एका मोठ्या निंबाखाली ज्यांनी अंथरुणे टाकली होती, त्यांची पांघरुणे मात्र कोरडी! शहरातली मुले चकित झाली. "सर, हवा तर तीच आहे. मग इथं दव कसं नाही?"

मी उत्तर द्यायच्या आधीच एक मुलगा बोलला. तो खेड्यातून आलेला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा. तो म्हणाला, "सर, जागलीले गेलो का आमी निंबाखालीच खाट टाकतो. तथी गोधडी ओली होत नाही."

जागल म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. तुरीच्या, हरभऱ्याच्या वावरात रात्री रोही आणि रानडुकरे शिरतात. त्यांना हाकलण्यासाठी शेतकरी आणि त्यांची मुले थंडीच्या रात्री वावरात जागून काढतात. त्या मुलाने अशा कितीतरी रात्री काढल्या होत्या. दव उघड्यावर पडते आणि झाडाखाली पडत नाही, हे निरीक्षण त्याच्यापाशी तयार होते. आणि त्याच मुलाला उष्णतेच्या प्रकरणावरील परीक्षेत जेमतेम गुण मिळाले होते! प्रारण हा शब्द त्याने पुस्तकात वाचला होता आणि कोरडी गोधडी अंगावर घेतली होती. पण या दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. मीही नाही. त्या सकाळी मला शिक्षक म्हणून जरा लाज वाटली.

आता कारण पाहू. प्रत्येक पदार्थ उष्णता प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकत असतो. निरभ्र रात्री उघड्यावरचे गवत ही उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे पाठवते, आणि आकाशाकडून त्याला फारच थोडी परत मिळते. जमाखर्चात तोटा येतो, गवत आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. त्याला लागून असलेली हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की तिच्यातले बाष्प पाण्याचे थेंब होऊन गवतावर जमते. झाडाखाली काय होते? तिथेही गवत उष्णता बाहेर टाकते, पण वरची पाने साधारण हवेच्याच तापमानाची असतात आणि तीही खाली उष्णता पाठवतात. जमाखर्च जवळजवळ जुळतो. गवत फार थंड होत नाही, म्हणून दव पडत नाही. ढगाळ रात्री दव का पडत नाही, याचेही उत्तर यातच आहे.

ही गोष्ट प्रयोगांनी पटवून दिली ती विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधल्या वैद्याने. त्याचा दवावरील निबंध १८१४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे साहित्य काय होते? लोकरीचे सारख्या वजनाचे झुबके! रात्री तो ते निरनिराळ्या जागी ठेवी, एक उघड्यावर, एक खांबांवर टेकवलेल्या फळीखाली, आणि नंतर वजन करून कुठे किती दव जमले ते पाही. त्या काळी पुष्कळांना वाटे की दव पावसासारखे वरून पडते किंवा जमिनीतून वर येते. बागेत रात्री जागून काढणाऱ्या या माणसाने तराजूने तो वाद निकालात काढला.

आपण तर कापसाच्या मुलखातले! वेल्सच्या लोकरीऐवजी कापूस घ्या. मात्र वेचलेला कच्चा कापूस नको, त्याच्या तंतूंवर मेणाचा पातळ थर असतो. दवाखान्यात वापरतात तो शोषक कापूस घ्या. पाच-पाच ग्रॅमचे चार झुबके करा. एक उघड्या गवतावर, एक झाडाखाली, एक चार विटांवर ठेवलेल्या फळीच्या वर आणि एक त्याच फळीच्या खाली ठेवा. पहाटे प्रत्येक झुबका वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि शाळेच्या तराजूवर वजन करा. आकडे मी सांगत नाही. ते तुमच्या वहीत यायचे आहेत.

रान म्हणजे मोठा कूलर

वऱ्हाडात राहणाऱ्याला कूलर काय असतो हे शिकवावे लागत नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून येणारा वारा जीव वाचवतो. पाण्याचे बाष्पीभवन होताना ते हवेतली उष्णता शोषून घेते. पाठ्यपुस्तकात तुम्ही वाचता की १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी लागतात. ते उकळत्या पाण्याचे झाले. नेहमीच्या ३० अंशांच्या आसपास ही किंमत सुमारे ५८० कॅलरी असते.

झाडही हेच करते. मुळांनी ओढलेले पाणी ते पानांच्या छिद्रांतून बाष्परूपाने सोडते. यालाच आपण बाष्पोच्छ्वास म्हणतो. एखाद्या मोठ्या, हिरव्यागार झाडाने दिवसभरात ५० लिटर पाणी हवेत सोडले, असे उदाहरणापुरते धरू. ५०,००० ग्रॅम गुणिले ५८०, म्हणजे २ कोटी ९० लाख कॅलरी, अर्थात २९,००० किलोकॅलरी. एक टनी वातानुकूलन यंत्र तासाला सुमारे ३,००० किलोकॅलरी उष्णता खोलीबाहेर टाकते. म्हणजे आपल्या या झाडाने ते यंत्र साडेनऊ तासांहून अधिक चालवल्याइतके काम केले, तेही विजेशिवाय. शिवाय यंत्र खोलीतली उष्णता गल्लीत ओतते, झाड तसे करत नाही.

पण इथे एक सावधगिरी हवी. "रान नेहमीच थंड असते" हे वाक्य निबंधात शोभते, वऱ्हाडातल्या रानाला मात्र ते लागू पडत नाही. आपले रान पानगळीचे आहे. फेब्रुवारी-मार्चपासून साग पाने टाकू लागतो आणि ऐन उन्हाळ्यात उघडाबोडका उभा असतो. जमिनीत पाणी उरलेले नसते, तेव्हा ते जपून वापरण्याचा हा त्याचा मार्ग आहे. ताट्या कोरड्या पडल्या की कूलर गरम झळा फेकतो ना? तसेच हे. म्हणून मे महिन्यात पोहऱ्याच्या टेकड्यांत गारव्याच्या आशेने जाणाऱ्याची निराशा होते. गारवा हवा असेल तर चिखलदऱ्याला जा. अमरावतीपेक्षा ते सुमारे ७७५ मीटर उंच आहे, आणि दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंश या हिशेबाने तिथे पाचएक अंश कमी असावेत. पण रान कसे काम करते ते शिकायचे असेल, तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पाने अजून झाडावर असतात, आकाश निरभ्र असते, आणि काही रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो.

सकाळी एका पालेदार फांदीवर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हलक्या हाताने बांधा आणि दुपारी सोडा. आत जमलेले पाणी मोजा, फांदीची पाने मोजा, आणि झाडावर अशा फांद्या किती असतील याचा अंदाज करा. पिशवी मात्र आठवणीने घरी आणा.

रात्र बोलते, पण कुणाला?

संध्याकाळी गावाकडे पाहा. चुलींचा धूर सरळ वर न जाता घरांच्या थोडा वर आडवा पसरलेला दिसेल. जमीन थंड झाल्यामुळे तिच्या लगतची हवा थंड आणि वरची हवा त्याहून उबदार, अशी उलटी मांडणी झाली आहे, याची ती खूण. हिला तापमान विपरीतता म्हणतात. आता जरा शांत बसा. दिवसा मुळीच न ऐकू येणारी रेल्वे ऐकू येऊ लागते! पोहरा-मालखेडच्या बाजूला बडनेऱ्याहून चांदूरकडे जाणाऱ्या गाड्यांची घरघर रात्री स्पष्ट येते. भोवतालचा गोंगाट कमी झाला हे एक कारण. दुसरे कारण त्या धुराच्याच घरातले आहे. उबदार हवेत ध्वनीचा वेग जास्त असतो. १० अंशांना तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर २० अंशांना सुमारे ३४३ मीटर. वरच्या उबदार थरात ध्वनितरंगाचा वरचा भाग पुढे धावतो, तरंग खाली वाकतो आणि दूरवर जमिनीलगत पोहोचतो. दिवसा याच्या नेमके उलट घडते. तेव्हा ध्वनी वर वाकून आपल्या डोक्यावरून निघून जातो.

हे ऐकायचे तर आपण गप्प बसले पाहिजे. पहिल्या वर्षी ही चूक मीच केली. मुलांचा उत्साह मोडू नये म्हणून मी ध्वनिवर्धकावर गाणी लावू दिली. रात्री अकरापर्यंत धांगडधिंगा झाला. ना घुबड ऐकले, ना रेल्वे, आणि शेजारच्या वावरात जागलीला बसलेला म्हातारा सकाळी येऊन म्हणाला, "रातभर रोही कोठून शिरले ते समजलंच नाही, मास्तर." ध्वनी दूर जातो, हा धडा त्याच्या हरभऱ्याने मला शिकवला. त्यानंतर मी ध्वनिवर्धक कधी नेला नाही.

मग आकाशाकडे वळा. अमावास्येच्या जवळची रात्र निवडा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोबाइल बंद ठेवा, आणि विजेरी लागलीच तर तिच्या काचेवर लाल कागद लावा. मृग नक्षत्र शोधा. हरिणाचे चार पाय म्हणजे चार ठळक तारे, आणि मध्ये पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. या चार पायांच्या आत नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते मोजा. त्याच आठवड्यात शहरातल्या गच्चीवरून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे आपल्या शहराच्या दिव्यांनी गिळलेले तारे. दिवे जमिनीवर उजेड पाडण्यासाठी असतात. जो उजेड आकाशात जातो तो वाया गेला, आणि त्याचे बिल मात्र आपण भरतो.

ध्रुवतारा सापडला तर हात पूर्ण लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी डोळ्याशी साधारण १० अंशांचा कोन करते. उत्तर क्षितिजापासून दोन मुठींच्या किंचित वर ध्रुव असेल, म्हणजे सुमारे २१ अंश. भूगोलाच्या पुस्तकात अमरावती व अकोल्याचे अक्षांश पाहा. २१ च्या जवळचाच आकडा मिळेल! स्वतःच्या मुठीने पृथ्वीवरचे आपले स्थान मोजल्याचा आनंद वेगळाच असतो.

वही खरी ठेवा

या सर्व नोंदी वहीत तारीख, वेळ आणि जागा यांसह लिहा. आणि जे दिसले तेच लिहा. खोट्या नोंदीने काय होते, याची एक गोष्ट आपल्या प्रदेशाशी निगडित आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कुणाला सापडले नव्हते. ते नामशेष झाले, असेच मानले जाई. तरी एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १९१४ साली आपण गुजरातेत मांडवी येथे हा पक्षी मिळवला, असे लिहून ठेवले होते. पुढे पामेला रॅसमुसेन या अमेरिकी संशोधिकेने दाखवून दिले की ते चिठ्ठीवरचे स्थळ खोटे होते. दुसऱ्याने पूर्वी मिळवलेल्या जुन्या नमुन्याला नवी चिठ्ठी लावली गेली होती. त्या खोट्या ठिकाणाचा नाद सोडून, खऱ्या नोंदींच्या आधारे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला, तब्बल ११३ वर्षांनी! नंतर तो आपल्या मेळघाटातही आढळला. एका खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना भलत्या जागी पाठवले. म्हणून तुमच्या कापसाचे वजन अपेक्षेप्रमाणे आले नाही तर आकडा बदलू नका. का आले नाही, ते शोधा.

आक्षेप आणि उत्तरे

माझे हे म्हणणे ऐकून मुख्याध्यापक पहिला प्रश्न विचारतात तो धोक्याचा. प्रश्न रास्त आहे. वडाळी-पोहऱ्याच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे आणि साप तर सगळीकडेच आहेत. म्हणूनच मी "रानात" न म्हणता "रानाच्या काठी" म्हणतो. मुक्काम काठावर, अभ्यास रानाचा. काठावरच्या गावातली शाळा, ओळखीच्या शेतकऱ्याचे वावर किंवा वनखात्याने दाखवलेली जागा निवडावी. रानात शिरायचे ते दिवसा, वनखात्याची परवानगी घेऊन आणि वनरक्षकाबरोबर. अभयारण्यात तर परवान्याशिवाय पाऊल टाकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. रात्री कुणीही एकटे फिरू नये, नाल्याच्या पात्रात अंथरूण टाकू नये, सकाळी चपला-बूट झटकून घालावेत. साप चावलाच तर जखम कापू नये, घट्ट दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. चावलेला अवयव स्थिर ठेवून त्या व्यक्तीला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरची लस तिथेच मिळते. जवळचे रुग्णालय कोणते आणि वाहन कोणते, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. एवढी तयारी करणे हेही शिक्षणच आहे.

दुसरा प्रश्न: "मुलींचे काय?" पुष्कळदा या प्रश्नाचे उत्तर कुणाला नकोच असते, तो विषय संपवण्यासाठी विचारलेला असतो. सोबत शिक्षिका असाव्यात, झोपण्याची जागा बंदिस्त असावी आणि शौचालयाची सोय असावी, या तीन गोष्टी गावातल्या शाळेत मुक्काम केला की साधतात. आकाश मुलींवरही तेवढेच पसरलेले आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो कुणी घेत नाही. रानाला आपण नको असलो तर? शंभर मुलांचा कल्लोळ कोणत्याही रानाला सोसणारा नाही. त्यामुळे तुकडी तीसच्या आत असावी. आणि शेकोटी रानात मुळीच नको. सागाचा वाळलेला पाचोळा एका ठिणगीने पेटतो. रोडगे आणि वांग्याची भाजी हवीच असेल, तर गोवऱ्यांचा जाळ रानापासून दूर, मोकळ्या वावरात, मालकाला विचारून करावा आणि विझल्याची खात्री करूनच उठावे. नेलेले सर्व परत आणावे. काही जागा अशाही असतात, जिथे आपण रात्री जाऊच नये. तो हक्क तिथल्या प्राण्यांचा आहे.

वनखात्याला मात्र एक विनंती आहे. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर नागरिकांना प्राणी पाहण्यासाठी बसू देतात. म्हणजे शिस्तीने रात्र काढणे अशक्य नाही. तशीच एखादी काठावरची जागा थंडीच्या दिवसांत शहरांजवळ शाळांसाठी राखून ठेवली, तर खर्च थोडा आणि लाभ मोठा होईल. कारण रान वाचवण्याची भाषणे पुष्कळ होतात, पण ज्याने आपल्या गावाचे रान पाहिलेच नाही तो ते तोडले जाताना कसा बोलणार? काटेपूर्णेचे पाणी पिणाऱ्याला त्या रानाची एक तरी रात्र ठाऊक असायला नको का?

शिक्षक बंधुभगिनींनो, यंदा पाचांतली एक सहल कमी करा आणि हा मुक्काम ठेवा. तापमापी, कापूस, वही आणि पालकांची संमतिपत्रे एवढेच साहित्य लागते. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात जागलीला जाणारा कुणी असेल तर त्याला पुढे बसवा. दव कुठे पडते, वारा कधी फिरतो, चंद्र नसताना वाट कशी दिसते, हे त्याला विचारा. त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी त्या सकाळी कापसाचे झुबके ठेवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तो ते गोळा करत होता, आणि शहरातली मुले त्याच्याभोवती वह्या घेऊन उभी होती.